पुरवठा साखळीची सल्लागारी : कंपनी वाढते ती कार्यसंस्कृतीवर

विशेष प्रतिनिधी

कच्चा माल केव्हा मागवायचा, तयार मालापैकी किती नागपूरच्या गोदामात ठेवायचा आणि किती भिवंडीच्या, कोणत्या विक्रेत्याची मागणी आधी पुरवायची, या प्रश्नांची उत्तरे एके काळी भांडारपालाच्या वहीत आणि एखाद्या जुन्या कारकुनाच्या डोक्यात असत. आता ती संगणकात असतात. कच्च्या मालापासून दुकानाच्या फळीपर्यंतच्या या प्रवासाला ‘सप्लाय चेन’ म्हणजेच पुरवठा साखळी असे म्हणतात. बूझ ॲलन या सल्ला संस्थेतील कीथ ऑलिव्हर यांनी १९८२ मध्ये ही संज्ञा जाहीरपणे वापरली आणि पुढील दोन दशकांत तिच्याभोवती सॉफ्टवेअरचा एक स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. सॅप, ओरॅकल, मॅनहॅटन असोसिएट्स, ब्लू याँडर या त्यातील परिचित कंपन्या.

परंतु हे सॉफ्टवेअर आज विकत आणले आणि उद्या सुरू केले, असे होत नाही. प्रत्येक कारखान्याचे नियम निराळे, गोदामाची रचना निराळी, मालाची नोंद ठेवण्याची पद्धत निराळी. ती समजून घेऊन त्यात सॉफ्टवेअर बसवून देणे, जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणणे, कामगारांना शिकवणे आणि प्रणाली सुरू झाल्यावर काही आठवडे तेथेच ठाण मांडून बसणे, हे काम सल्ला कंपन्या करतात. महिंद्र समूहातील ब्रिसलकोन ही कंपनी याच विषयाला वाहिलेली आहे. मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे त्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. याखेरीज पाच-पन्नास माणसांच्या छोट्या कंपन्याही या क्षेत्रात आहेत. प्रस्तुत लेखाचा रोख प्रामुख्याने या छोट्या कंपन्यांकडे आहे, कारण ‘वाढायचे कसे’ हा प्रश्न त्यांनाच सर्वाधिक छळतो.

अशा कंपनीकडे यंत्रे नसतात, जमीन नसते, बहुधा स्वतःचे सॉफ्टवेअरही नसते. तिच्याकडे असतात ती माणसे आणि त्या माणसांनी मागील चार प्रकल्पांत खाल्लेल्या ठेचांतून आलेले शहाणपण. माणूस गेला की ते शहाणपणही जाते. त्यामुळे कार्यसंस्कृती हा येथे केवळ मनुष्यबळ विभागाचा विषय राहत नाही, तो थेट जमाखर्चाचा विषय होतो. संस्कृती म्हटले की शुक्रवारचे खेळ, वाढदिवसाचा केक आणि भिंतीवर इंग्रजीत टांगलेली मूल्ये, असा एक समज आपल्याकडील आयटी कंपन्यांत रूढ आहे. केकला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. तथापि या व्यवसायापुरती संस्कृतीची कसोटी वेगळी आहे. प्रकल्पावरील सर्वांत कनिष्ठ माणसाला कळलेली वाईट बातमी कंपनीच्या प्रमुखापर्यंत आणि तेथून ग्राहकापर्यंत किती दिवसांत पोहोचते, आणि वाटेत ती किती सौम्य केली जाते, यावर सारे अवलंबून असते. यशाच्या कथांपेक्षा या क्षेत्रातील फजितीचा इतिहास त्याबाबत अधिक बोलका आहे.

दिवसाच्या दराचे गणित

सल्ला कंपनीचे उत्पन्न साधारणपणे माणसाच्या दिवसाच्या दरावर ठरते. एखादा सल्लागार महिन्यातील किती दिवस ग्राहकाच्या कामावर होता, त्यावर बिल निघते. जो कामावर नाही तो ‘बेंच’वर, म्हणजे कंपनीच्या खर्चात. साहजिकच बेंच रिकामा ठेवण्याकडे सर्वांचा कल असतो. त्यातूनच एक जुनी खोड जडते. करार मिळवताना पंधरा वर्षे अनुभवाचा माणूस ग्राहकासमोर बसवायचा आणि करार झाल्यावर त्याच्या जागी नुकतेच प्रशिक्षण संपवलेली दोन मुले पाठवायची. बिल तेवढेच, पगार कमी. पहिल्या वर्षी नफ्याचा आकडा उत्तम दिसतो.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फॉक्समेयर नावाची औषधांची घाऊक वितरक कंपनी होती. तिची वार्षिक उलाढाल सुमारे पाच अब्ज डॉलर होती. १९९३ मध्ये तिने सॅपची प्रणाली आणि स्वयंचलित गोदाम असा दुहेरी प्रकल्प हाती घेतला. सल्लागार म्हणून अँडरसन कन्सल्टिंग ही नामांकित संस्था होती. जुना मेनफ्रेम संगणक एका रात्रीत सुमारे ४ लाख २० हजार मागण्या हाताळत असे, तर नवी प्रणाली दहा हजारांच्या आसपासच अडखळू लागली. त्यातच जुनी गोदामे बंद होणार हे कळल्याने तेथील कामगारांचे मन उडाले. मालाची नासधूस झाली, मागण्या अर्धवट राहिल्या. ऑगस्ट १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिचा व्यवसाय मॅकेसन या प्रतिस्पर्ध्याकडे गेला. १९९८ मध्ये तिच्या विश्वस्तांनी सॅप आणि अँडरसन यांच्यावर प्रत्येकी ५० कोटी डॉलरचे दावे लावले. अनुभवी माणसांचे आश्वासन देऊन नवख्यांना आमच्या प्रकल्पावर शिकवून घेतले, हा त्यातील एक आरोप होता. दोन्ही कंपन्यांनी आरोप फेटाळले आणि पुढे तडजोड झाली. त्यामुळे दोष कोणाचा किती, हे कायमचे अनिर्णित राहिले. परंतु गोदामातील माणसाची नाराजी आणि रात्रीच्या मागण्यांचा खरा आकडा या दोन्ही गोष्टी प्रकल्पावरील कोणाला तरी वेळेत दिसल्या नसतील, हे पटण्याजोगे नाही. त्या दिसल्या असल्यास योग्य जागी त्यांचा उपयोग झाला नाही, एवढेच म्हणता येते.

नवख्या मुलांना काम देऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. तसे केल्यास कंपनी वाढणारच नाही. फरक पडतो तो त्यांच्यासोबत कोण आहे याने. अनुभवी सल्लागाराचे काही दिवस बिलाविना खर्ची घालून त्याला नवख्याच्या शेजारी बसवणे हा तात्पुरता तोटा आहे. तो सोसणारी कंपनी तीन वर्षांनी दोन अनुभवी माणसे घेऊन उभी असते. न सोसणाऱ्या कंपनीकडे त्याच काळात रिकाम्या खुर्च्या आणि नव्या भरतीच्या जाहिराती असतात.

आय-टूचा चढ आणि उतार

या क्षेत्राचा इतिहास ‘आय-टू टेक्नॉलॉजीज’चे नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काम करणारे, मूळचे हैदराबादचे संजीव सिद्धू आणि त्यांचे सहकारी केन शर्मा यांनी १९८८ मध्ये डॅलस येथे ही कंपनी काढली. तत्कालीन नियोजन प्रणाली कारखान्याची क्षमता जणू अमर्याद आहे असे गृहीत धरून वेळापत्रक बनवत. यंत्र एक आणि त्यावर तिघांचे काम, ही रोजची अडचण त्यांच्या हिशेबात नसे. आय-टूच्या ‘रिदम’ या सॉफ्टवेअरने साहित्य आणि क्षमता या दोन्ही मर्यादा एकदम विचारात घेऊन योजना आखून दाखवली. कल्पना अस्सल होती आणि उद्योगजगताने तिचे स्वागत केले. १९९६ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. मार्च २००० मध्ये तिने ॲस्पेक्ट डेव्हलपमेंट ही कंपनी ९.३ अब्ज डॉलर मूल्याच्या समभागांच्या मोबदल्यात घेण्याचे जाहीर केले. इंटरनेटच्या तेजीचा तो कळस होता.

त्याच सुमारास नाइके ही बुटांची कंपनी आय-टूचे मागणी नियोजनाचे सॉफ्टवेअर बसवत होती. जून २००० मध्ये ते सुरू झाले. फेब्रुवारी २००१ मध्ये नाइकेने जाहीर केले की, या प्रणालीतील गोंधळामुळे विक्रीत सुमारे १० कोटी डॉलरची घट आली आहे. काही बुटांचे उत्पादन गरजेपेक्षा कितीतरी अधिक झाले होते आणि ज्यांना खप होता ते बूट कमी पडले होते. नाइकेचा समभाग सुमारे २० टक्क्यांनी कोसळला, आय-टूचाही घसरला. सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाने नको इतके बदल करून घेतले, असे आय-टूच्या बाजूने सांगण्यात आले. ते खरे मानले तरी एक प्रश्न उरतोच. ते बदल करू नका, असे ठामपणे सांगण्याचे काम सल्लागाराचे नव्हते काय?

पुढे उघड झाले ते अधिक गंभीर होते. परवान्याच्या विक्रीचे उत्पन्न आय-टूने नियमांपेक्षा आधीच जमा धरले होते. ग्राहकाला विकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काही वेळा त्याला आवश्यक असलेल्या सोयी पूर्ण झालेल्याच नव्हत्या. त्या नंतर माणसे पाठवून पूर्ण करायच्या होत्या. हिशेब पुन्हा मांडावे लागले आणि सुमारे एक अब्ज डॉलरचे उत्पन्न चुकीच्या काळात दाखवल्याचे निष्पन्न झाले. जून २००४ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने कंपनीला एक कोटी डॉलरचा दंड केला.

वरवर पाहता हा लेखापालांचा प्रश्न वाटतो. परंतु अपुरे सॉफ्टवेअर पूर्ण म्हणून विकले गेले, याचा अर्थ ते प्रत्यक्ष ग्राहकाच्या कचेरीत बसून पूर्ण करणारा सल्लागार पहिल्या आठवड्यापासून ते जाणून होता. तिमाहीचा आकडा गाठणारा विक्रेता मोठा आणि ‘हे अजून चालत नाही’ म्हणणारा सल्लागार अडथळा, अशी विभागणी एकदा घडली की जाणणाऱ्यांचा आवाज खाली जातो. बुद्धिमत्तेची वानवा आय-टूमध्ये कधीच नव्हती. भारतातील अव्वल तंत्रशिक्षण संस्थांतील कितीतरी अभियंते तेथे होते आणि तेथून बाहेर पडून त्यांनी पुढे या क्षेत्रात उत्तम काम केले. जानेवारी २०१० मध्ये जेडीए सॉफ्टवेअरने आय-टू विकत घेतली.  जेडीएने २०२० मध्ये ब्लू याँडर हे नाव धारण केले आणि २०२१ मध्ये ती जपानच्या पॅनासॉनिककडे गेली.

नाइकेने मात्र प्रकल्प सोडला नाही. नियोजनाचा काही भाग सॅपच्या प्रणालीवर हलवला, टप्पे लांबवले आणि प्रशिक्षणावर भर दिला. ग्राहकसेवेतील कर्मचाऱ्यांना १४० ते १८० तासांचे प्रशिक्षण पूर्ण केल्याखेरीज प्रणालीत प्रवेशच दिला जात नसे. आपल्याकडे याच कामासाठी दोन दुपार आणि एक समोसा पुरेसा मानला जातो, हे येथे नमूद केलेले बरे.

तारखेचा हट्ट

१९९९ मध्ये हर्शी या चॉकलेट कंपनीने सॅप, मॅन्युजिस्टिक्स आणि सीबेल या तीन प्रणाली एकदम सुरू केल्या. ४८ महिन्यांचे काम ३० महिन्यांत बसवले होते. तरीही एप्रिलचा मुहूर्त हुकला आणि प्रणाली जुलैमध्ये, म्हणजे हॅलोविनच्या मागण्या येऊ लागतात नेमक्या त्याच काळात सुरू झाली. त्या तिमाहीत कंपनीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. चॉकलेट तयार होते, पण दुकानांत पोहोचत नव्हते. त्या वेळच्या वृत्तांतांनुसार, हंगामात जादा माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही जागांची नोंद नव्या प्रणालीत झालीच नव्हती. तेथे माल आहे हे गोदामातील माणसाला ठाऊक होते, संगणकाला नव्हते. दिवाळीच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू करण्याचा आग्रह धरणारे मालक आपल्याकडेही कमी नाहीत.

अशा वेळी ‘ही तारीख झेपणार नाही’ असे कोण म्हणणार? ज्या कंपनीचे निम्मे उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येते ती म्हणू शकत नाही. म्हणजे स्पष्टवक्तेपणा हा केवळ स्वभावाचा गुण नाही, त्याला आर्थिक पाया लागतो. इन्फोसिसचे उदाहरण पुरवठा साखळीचे नसले तरी येथे लागू पडते. १९८१ मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेल्या या कंपनीचे सुमारे एक चतुर्थांश उत्पन्न १९९५ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडून येत होते. दर उतरवण्याची त्यांची मागणी न पटल्याने नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम सोडले. त्यानंतर एकाच ग्राहकावर विसंबून न राहणे हे कंपनीचे धोरण झाले. चाळीस माणसांच्या कंपनीला असा निर्णय किती जड जातो, हे त्यातून गेलेल्यालाच ठाऊक. म्हणूनच तो पैशाची चणचण नसताना घ्यावा लागतो, म्हणजे भरभराटीच्या वर्षी दोन नवे छोटे ग्राहक धरून.

‘नाही’ म्हणण्याचा अभाव किती महाग पडतो, याचे अलीकडचे उदाहरण जर्मनीतील लिडल या किराणा साखळीचे. सॅपची प्रणाली साठ्याचे मूल्य विक्री किमतीने धरते, लिडलची पद्धत खरेदी किमतीची. लिडलने आपली पद्धत बदलण्याऐवजी सॉफ्टवेअर बदलून घेतले. सात वर्षांनंतर, २०१८ मध्ये हा प्रकल्प गुंडाळण्यात आला, तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचे जर्मन वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले.

जीएसटीची परीक्षा

आपल्याकडे या व्यवसायाची मोठी परीक्षा १ जुलै २०१७ रोजी झाली. तोपर्यंत परराज्यात विक्री केली की दोन टक्के केंद्रीय विक्रीकर पडे, पण स्वतःच्याच गोदामात माल हलवला तर तो पडत नसे. परिणामी मोठ्या कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात एक गोदाम ठेवत. ते ग्राहकासाठी नव्हे, करासाठी असे. वस्तू व सेवा कर आला आणि या रचनेचे कारणच संपले. गोदामे एकत्र होऊ लागली, भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी गोदामे वाढली. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल आवश्यक झाले.

सल्लागाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, वर्षानुवर्षे घोटलेले ज्ञान काही महिन्यांत जुने झाले. कोणत्या गोदामातून कोठे माल पाठवावा याचे नियम, कर आकारणी, कागदपत्रे सारेच बदलले, आणि तेही एकाच वेळी सर्व ग्राहकांकडे. ज्या कंपनीत प्रत्येक जण आपले ज्ञान मुठीत धरून बसतो, तेथे अशा वेळी दहा सल्लागार दहा ग्राहकांकडे तीच चूक दहा वेळा करतात. जेथे दर आठवड्याला एकत्र बसून ‘मला हे अडले, असे सुटले’ सांगण्याची सवय आहे, तेथे पहिल्या ग्राहकाकडील ठेच दुसऱ्याकडे लागत नाही. ही सवय जून महिन्यात आदेश काढून लागत नाही. ती आधीच्या पाच वर्षांत लागलेली असावी लागते. त्यासाठी, आपली चूक सांगणाऱ्याची वार्षिक वेतनवाढ कापली जाणार नाही, एवढा एक भरवसा पुरतो.

विसाचे दोनशे होताना

पहिल्या वीस माणसांपर्यंत संस्कृती म्हणजे संस्थापकाचे वागणे. तो स्वतः गोदामात जातो की वातानुकूलित खोलीत बसून सादरीकरण करतो, हे सारे पाहत असतात. पन्नासच्या पुढे त्याला सर्वांची नावेही आठवेनाशी होतात आणि मधले व्यवस्थापक येतात. खरी गळती येथे सुरू होते. उत्तम सल्लागार हा उत्तम व्यवस्थापक असेलच असे नाही, पण बढतीचा दुसरा मार्गच नसल्याने त्याला व्यवस्थापक केले जाते. एक चांगला तज्ज्ञ जातो आणि एक त्रासिक साहेब मिळतो. तज्ज्ञाला तज्ज्ञ राहूनच पगार आणि मान वाढवून मिळेल अशी वेगळी वाट ठेवणे हा त्यावरील उपाय. तो खर्चिक नाही, मात्र त्यासाठी ‘हाताखाली माणसे किती’ हे प्रतिष्ठेचे माप सोडावे लागते.

माणसे टिकवण्यासाठी बॉन्ड लिहून घेणे, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, तीन महिन्यांची नोटीस आणि सुटकेच्या पत्रासाठी हेलपाटे, हे आपल्याकडील सर्वपरिचित मार्ग. त्यातून माणूस काही महिने अडकतो, टिकत नाही. शिवाय मनाने निघून गेलेला सल्लागार ग्राहकाकडे बसवण्यात कोणते शहाणपण? याउलट जाणाऱ्याला सन्मानाने निरोप देणाऱ्या कंपनीला पुढे तीच माणसे ग्राहक म्हणून भेटतात. हे क्षेत्र लहान आहे. आजचा सल्लागार उद्या एखाद्या औषध कंपनीचा पुरवठा साखळी प्रमुख असतो आणि सल्लागार निवडण्याच्या बैठकीत तोच बसलेला असतो.

कामाच्या तासांचा विषय टाळता येण्याजोगा नाही. नवी प्रणाली बहुधा शुक्रवारी रात्री जुनी बंद करून सोमवारी सकाळी सुरू केली जाते. मधल्या दोन दिवसांत साठा मोजायचा, आकडे जुळवायचे, बारकोडची यंत्रे तपासायची. चाकण असो वा साणंद, त्या रात्री कोणी झोपत नाही आणि त्याबद्दल तक्रारही नसते. तक्रार असते ती पुढच्या मंगळवारी दुसऱ्या शहराचे तिकीट हाती पडते तेव्हा. मोठ्या सुरुवातीनंतर सक्तीची आठवडाभर रजा, निश्चित दराच्या कराराचा अंदाज चुकला तर तो रात्रपाळीतून वसूल न करण्याचा नियम, दूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्री उशिरा काम संपवणाऱ्या महिला सल्लागारांसाठी वाहन आणि सुरक्षित निवास, या गोष्टी पगाराइतक्याच वजनदार आहेत. अनेक अनुभवी महिला पाच-सात वर्षांनंतर हे क्षेत्र का सोडतात, याचे उत्तर बरेचसे प्रवासाच्या वेळापत्रकात सापडते. सर्व काम ग्राहकाच्या जागेवरच झाले पाहिजे, हा आग्रह २०२० च्या टाळेबंदीत मोडला गेला. दूर बसूनही प्रणाली सुरू करता येते, हे तेव्हा अनेक ग्राहकांनी नाइलाजाने अनुभवले. मात्र सुरुवातीची पाहणी प्रत्यक्ष गोदामात उभे राहूनच व्हावी. हर्शीच्या त्या नोंद नसलेल्या जागा दूरध्वनीच्या बैठकीत कोणाला दिसल्या नसत्या.

आता थोडे ग्राहकाविषयी. लहान-मोठा उद्योजक सल्ला कंपनी निवडताना दर, सादरीकरण आणि मोठ्या ग्राहकांची यादी पाहतो. त्याऐवजी त्याने काही साधे प्रश्न विचारावेत. समोर बसलेल्यांपैकी नेमके कोण आमच्याकडे येणार आणि त्यांची नावे करारात लिहिणार का? मध्येच माणूस बदलला तर नव्याच्या शिकण्याच्या दिवसांचे बिल कोण भरणार? तुमचा कोणता प्रकल्प फसला आणि त्यातून तुम्ही काय बदलले? शेवटच्या प्रश्नावर ‘आमचा एकही फसलेला नाही’ असे उत्तर आले तर चहा पाजून निरोप द्यावा. आणि जुन्या ग्राहकाकडे चौकशी करायची ती संगणक विभागाच्या प्रमुखाकडे नव्हे, तर तेथील भांडारपालाकडे. प्रणाली सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, साठा जुळत नसताना, दूरध्वनी कोणी उचलला होता हे त्याला अचूक आठवत असते.